डाव्या इंजिनाचा काटा

आमच्या अण्णाला बोलता येत नव्हतं असं कोणी म्हणालं तर मी त्याच्या तोंडावर सांगेन, साफ खोटं आहे. वर्कशॉपमध्ये त्याचा आवाज रस्त्यापलीकडच्या कॉफीच्या दुकानात ऐकू जायचा. ट्रॅक्टरचं इंजिन उघडलेलं असताना कोणी चुकीचा पाना हातात दिला, तर तामिळमधून असा उद्धार करायचा की त्या माणसाचे आजोबा-पणजोबा उठून बसावेत. घरात मराठी, शिव्या तामिळ आणि रजेचा अर्ज इंग्रजी, तंजावरच्या आम्हा मराठी लोकांचं हे असंच चालतं. फक्त एका माणसासमोर त्याची वाचा बसायची. तो माणूस म्हणजे त्याचा जावई गिरीश.

मी नागलक्ष्मी, वैद्यनाथरावांची धाकटी बहीण. लग्न केलं नाही, टायपिंग इन्स्टिट्यूट चालवली, आणि अण्णाच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत राहिले. त्यामुळे त्या घरात काय शिजत होतं ते मला नाकानेच कळायचं.

आमच्यात सासरा जावयाशी थेट बोलत नाही. सगळ्या घरांत असेल असं मी म्हणत नाही, आमच्या घरात होतं. गिरीश समोर पानावर बसलेला, हातभर अंतरावर. आणि अण्णा काय करणार? वहिनीकडे तोंड करून म्हणणार, "त्यांना रस्सम हवं का विचार." सीतालक्ष्मीवहिनी विचारणार. गिरीश वहिनीलाच सांगणार, "मामांना म्हणावं, पुरे झालं." एकदा मी वैतागून म्हटलं, "अरे, तुम्ही दोघं बहिरे आहात का? पोस्टमन कशाला लागतो मध्ये?" अण्णा लालबुंद झाला. "जावयाचा मान असतो, नागू. तुला नाही कळायचं." मान म्हणे! जळला मेला तो मान. आज इतक्या वर्षांनीही तो शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं.

तसं दोघांचं एकमेकांवर प्रेम होतं, हे मात्र खरं. गिरीश कुंभकोणमचा, आमच्यातलाच, मद्रासला बोटींच्या इंजिनांचा डिप्लोमा केलेला. पोरगा हुशार, आणि हुशारीचा माज नाही. भुवना म्हणजे अण्णाची एकुलती एक लेक, तिला त्याने फुलासारखं जपलं. अण्णा त्याच्या पाठीमागे त्याचं इतकं कौतुक करायचा की वहिनी म्हणायची, "हे सगळं त्यांच्या कानावर घालू का?" तर हा घाबरून म्हणायचा, "नको नको, बरं दिसत नाही."

ती वर्षं कोळंबीची होती. दिल्लीत सरकारने परदेशी व्यापाराला दारं उघडली, आणि आमच्या किनाऱ्यावर भाताच्या शेतांची खारी तळी झाली. मल्लिपट्टिणमच्या बाजूला जाल तिकडे चौकोनी तळी, पाण्यात फिरणारी चाकं आणि पहारेकरी. आसपासच्या विहिरींचं पाणी खारट झालं म्हणून बायका शिव्याशाप द्यायच्या, पण कोळंबी जपानला जात होती ना, मग कोण ऐकतंय! अशाच एका कंपनीत गिरीश बोटीचा इंजिनियर म्हणून लागला. तळ्यांत सोडायच्या पिल्लांसाठी खोल समुद्रात मासेमारी करणाऱ्यांकडून अंड्यांवर आलेली कोळंबी घ्यायची आणि ती जिवंत असतानाच किनाऱ्यावर पोचवायची, हे त्या बोटीचं काम. म्हणून बोट वेगाची. दोन इंजिनं, एक डावं, एक उजवं.

कंपनीचा मेकॅनिक अचानक दुबईला गेला. तेव्हा गिरीशने मॅनेजरला अण्णाचं नाव सुचवलं. अण्णा सरकारी ट्रॅक्टर वर्कशॉपमधून नुकताच रिटायर झाला होता आणि गल्लीतल्या बायकांचे मिक्सर दुरुस्त करून कंटाळला होता. गिरीशने भुवनाला सांगितलं, भुवनाने वहिनीला, वहिनीने अण्णाला. मी म्हटलं, "अरे, जावयाच्या हाताखाली काम करणार तू?" तर म्हणाला, "हाताखाली कसलं? बोटीला हात लावायला मिळेल!" लहान मुलासारखा खूश झाला होता तो. आठवडाभर कंपनीच्या खोलीत राहायचा आणि रविवारी पट्टुकोट्टैची बस पकडून घरी यायचा. त्याच्या कपड्यांना असा वास यायचा की वहिनी नाकाला पदर लावून ते विहिरीपाशीच भिजत टाकायची. "आमच्या सात पिढ्यांत कोणी मासळी शिवली नाही," ती म्हणायची. "मी इंजिन शिवतो, मासळी नाही," हा म्हणायचा.

आता इंजिनांचं सांगते. मला यातलं काही कळत नव्हतं, पण नंतर मी ते इतक्यांदा ऐकलंय की झोपेत विचारलंत तरी सांगेन. बोट चालवणाऱ्यासमोर दोन मीटर असतात, इंजिन किती तापलंय ते दाखवणारे. डाव्या इंजिनाचं डावीकडे, उजव्याचं उजवीकडे. प्रत्येक इंजिनापासून एक वायर निघून वर आपापल्या मीटरला जाते. दोन्ही इंजिनं एकाच कारखान्याची, एकाच वयाची, तर दोन्ही काटे जोडीने चढायला हवेत. पोंगल झाला, समुद्र शांत झाला, बोट रोज बाहेर जायला लागली, आणि डावा काटा उजव्यापेक्षा वर जाऊ लागला. फार नाही, दोन बोटं. पण रोज.

गिरीशचं म्हणणं, डावं इंजिन खरंच तापतंय. अण्णाने समुद्राचं पाणी आत घेणारी जाळी काढून धुतली, पंपाचं रबर बदललं, पाणी व्यवस्थित येतंय हे बघितलं. तरी काटा वरच. मग त्याचं मत पडलं की इंजिनात काही नाही, मीटरच खोटं बोलतंय. हात लावून बघायचं नाही का, असं मी विचारलं होतं. तर म्हणाला, "नागू, एका मर्यादेनंतर हाताला सगळंच सारखं पोळतं." त्याचं मत गिरीशपर्यंत कसं पोचलं? तर बोट चालवणारा काळिमुत्तू मध्ये उभा राहायचा. तो तिथलाच कोळी, वयाने मोठा. अण्णा त्याला तामिळमध्ये म्हणायचा, "साहेबांना सांग, मीटर बघायला हवं." आणि साहेब तीन हातांवर उभे! काळिमुत्तूला पहिल्यांदा वाटलं, या दोघांचं भांडण आहे.

एका रविवारी अण्णा घरी आला तो पानावर बसल्यापासून हसत होता. वहिनी आत गेली तसा मला हळूच म्हणाला, "नागू, कोणाला सांगू नकोस. मी एक युक्ती केली."

युक्ती अशी. गिरीश यायच्या आधी, सकाळी, अण्णाने मीटर बसवलेल्या वरच्या फळीमागे हात घालून दोन्ही वायरींची अदलाबदल केली. डाव्या इंजिनाची वायर उजव्या मीटरला, उजव्याची डाव्या मीटरला. आता बोट चालवली आणि उजवा काटा चढला, तर डावं इंजिन खरंच तापतंय, जावयाचं बरोबर. आणि डावाच काटा चढला, तर थंड इंजिनाची वायर लावूनही चढतोय म्हणजे मीटरच खोटं.

"मग त्यांना सांगून का नाही केलंस?" मी विचारलं.

"कसं सांगणार? त्यांनी मॅनेजरसमोर सांगितलंय की इंजिन तापतंय. मी त्यांचं म्हणणं तपासतोय असं नाही का दिसणार? त्यांचं बरोबर निघालं असतं तर गुपचूप वायरी परत लावल्या असत्या आणि म्हटलं असतं, तुमचंच खरं."

"आणि काय निघालं?"

"डावाच चढला!" त्याने मांडीवर थाप मारली. "आणि पुढे ऐक. मी तोंडातून अवाक्षर काढलं नाही. जावईच काळिमुत्तूला म्हणाले, 'मामांना सांग, त्यांचंच खरं आहे. इंजिन चांगलं आहे, मीटर खोटं आहे.' आपणहून म्हणाले! सगळ्यांसमोर!"

गिरीशला हे कसं पटलं, हे अण्णाने विचारलं नाही. अण्णाला कसं ठाऊक होतं, हे गिरीशने विचारलं नाही. मीही त्या दिवशी हसले आणि पुन्हा पानाकडे वळले. वहिनीने शेवयांचं पायसम केलं होतं. अण्णाने तीन वाट्या खाल्ल्या. त्या संध्याकाळी त्याला जितकं सुखात बघितलं तितकं त्याच्या आयुष्यात कधी बघितलं नाही, रिटायर होताना हार घातला तेव्हासुद्धा नाही.

मद्रासहून नवीन मीटर मागवलं. ते येईपर्यंत काटा वर गेलेला बघून काळिमुत्तू वेग कमी करायचा, म्हणून गिरीशने डाव्या मीटरच्या काचेवर चिकटपट्टी लावून टाकली. आणि अण्णाने ती नीट दाबून बसवली.

त्यानंतरच्या आठवड्यात खोल समुद्रात एका ट्रॉलरकडे भरपूर कोळंबी आहे असा निरोप आला. बोट पूर्ण वेगाने गेली आणि पूर्ण वेगाने परत निघाली. बोटीवर गिरीश आणि काळिमुत्तू. अण्णा किनाऱ्यावर होता. काळिमुत्तूने आम्हाला सांगितलं ते असं. आधी जळक्या रबराचा वास आला. मग डाव्या बाजूने काळा धूर. गिरीश म्हणाला, "इंजिनाला काही झालेलं नाही, दुसरं काही जळतंय, मी बघतो." असं म्हणून तो खाली इंजिनापाशी उतरला. तो खाली असतानाच डाव्या इंजिनाची पाण्याची टाकी फुटली. उकळतं पाणी, वाफ आणि वरून आग. काळिमुत्तूने त्याला बाहेर ओढलं, त्याचे स्वतःचे दोन्ही हात भाजले. जवळच्या मासेमारी बोटींनी दोघांना किनाऱ्यावर आणलं, आणि तिथून जीपमधून तंजावरच्या हॉस्पिटलात.

मी गिरीशला बघितलं. नको, त्याचं वर्णन मी करणार नाही. भुवनाचा नवरा होता तो, आणि चेहऱ्यावरून ओळखू येत नव्हता, एवढं पुरे.

शुद्धीवर होता मात्र. डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं होतं, आशा ठेवा, पण फार ठेवू नका. भुवना त्याच्या उशाशी बसून होती. ती जरा तोंड धुवायला बाहेर गेली तेव्हा मी आणि अण्णा आत होतो. वहिनी घरी होती. मध्ये कोणी नव्हतं. आणि गिरीश अण्णाकडे बघून बोलला. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा, सरळ.

"मामा."

अण्णा दचकला. "अं?"

"मामा, तुम्ही म्हणालात तेच खरं होतं. मीटर खोटं होतं. मी स्वतः तपासलं होतं." त्याला बोलताना धाप लागत होती. "तुम्हाला सांगितलं नाही. तुम्ही सांगितल्यावर पुन्हा तपासणं म्हणजे... बरं दिसलं नसतं. चाचणी घेतली त्या दिवशी, तुम्ही झाडाखाली दहीभात खात होता तेव्हा मी खाली उतरून इंजिनापाशी वायरींची अदलाबदल केली. तरी डावाच काटा चढला. म्हणजे इंजिन चांगलंच होतं ना? मग हे कसं झालं, मामा?"

मी अण्णाकडे बघितलं. त्याने खाटेची लोखंडी कड धरली होती.

"तुमचं बरोबर आहे," तो म्हणाला. "तुम्ही सगळं बरोबर केलंत. आता बोलू नका, पडून राहा."

बाहेर व्हरांड्यात आल्यावर तो भिंतीला टेकून खालीच बसला. मला वाटलं चक्कर आली. मी थर्मासमधून कॉफी ओतायला लागले, तर त्याने माझ्या हातातले दोन्ही टंबलर काढून घेतले. एकात कॉफी होती, एक रिकामा. दोन्ही जमिनीवर ठेवले, भरलेला डावीकडे, रिकामा उजवीकडे.

"हे बघ नागू. तुझं लक्ष नसताना मी यांची जागा बदलली." त्याने बदलली. "मग माझं लक्ष नसताना तू बदललीस." पुन्हा बदलली. "आता कॉफी कुठे आहे?"

"डावीकडेच. होती तिथेच."

"पण तुला वाटतंय बदललेली आहे. आणि मलाही वाटतंय बदललेली आहे."

मला कळायला थोडा वेळ लागला. अण्णाने वर वायरी बदलल्या, गिरीशने खाली बदलल्या. डाव्या इंजिनाची वायर फिरून पुन्हा डाव्याच मीटरला आली. डावं मीटर पहिल्यापासून शेवटपर्यंत डाव्या इंजिनाचंच सांगत होतं, आणि खरं सांगत होतं. या दोघांनी मिळून त्याला खोटं ठरवलं आणि त्याच्या तोंडावर पट्टी लावली. दोघांपैकी एकाने, कोणीही एकाने, नुसतं म्हटलं असतं की मी वायरी बदलून बघतोय!

"आत जा," मी म्हटलं. "आत्ताच्या आत्ता आत जा आणि त्याला सांग."

"आता? या अवस्थेत?"

"तो विचारतोय, अण्णा! त्याने तुला तोंडाने विचारलं!"

"त्यांना किती वाईट वाटेल, नागू. आपल्याच हाताने झालं असं वाटेल. बरे होऊन घरी येऊ देत, मग शांतपणे सांगेन."

"तुला जमत नसेल तर मी सांगते." मी उठलेसुद्धा. तर त्याने माझा पदर धरला आणि आईची शपथ घातली. साठीला टेकलेला माणूस, व्हरांड्यात बसून, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर रडत होता. त्याची कीव येत होती आणि त्याच्या थोबाडीत मारावंसं वाटत होतं, दोन्ही एकाच वेळी.

गिरीश घरी आला नाही. त्याच आठवड्यात गेला.

क्रियाकर्म चालू असतानाच अण्णा एकदा कोणाला न सांगता मल्लिपट्टिणमला जाऊन आला. डाव्या इंजिनाला समुद्राचं पाणी आणणारा जाड रबरी पाइप त्याने सुरीने उभा चिरला. बाहेरून पाइप नवाकोरा दिसत होता. आत रबराचा पापुद्रा सुटला होता. इंजिन हळू चालत असलं की पाणी त्याच्या कडेने जायचं, पूर्ण वेग घेतला की पंप ओढायचा आणि पापुद्रा पाइपाचं तोंडच बंद करायचा. खाडीत चाचणी घेताना तेवढा वेग घेता येत नाही, आणि समुद्रात काटा चढला की काळिमुत्तू वेग कमी करायचा, म्हणून फक्त दोन बोटांचा फरक दिसायचा. दोन बोटांचा का होईना, काटा सांगत होता. पाइपाचा तो तुकडा अण्णाने वर्तमानपत्रात गुंडाळून घरी आणला.

तेराव्याला कुंभकोणमहून गिरीशची आई आणि नातेवाईक आले होते. जेवणं झाली, माणसं पांगली. भुवना मागच्या पडवीत बसली होती, मी तिच्या शेजारी. अण्णा तिथे आला, उभाच राहिला, आणि त्याने सगळं सांगितलं. वर आपण बदललेल्या वायरी, खाली गिरीशने बदललेल्या, पाइप, सगळं. काही लपवलं नाही, स्वतःची बाजू घेतली नाही. मी मनात म्हटलं, देवा, याला बोलायला सुचलं एकदाचं.

भुवना ऐकत होती. रडली नाही. तिने विचारलं, "तुम्हाला हे कधी कळलं, अप्पा?"

"हॉस्पिटलात. त्यांनी वायरींचं सांगितलं तेव्हा."

"म्हणजे ते जिवंत होते तेव्हा."

अण्णाने मान हलवली.

"अप्पा, ते मला तेच विचारत होते," ती म्हणाली. "शुद्ध होती तोवर तेच. पाणी बघितलं, पंप बघितला, वायरी बदलून बघितल्या, मग कुठे चुकलं, भुवना? पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. दुखतंय म्हणून एकदाही ओरडले नाहीत, पण हे सापडत नाही म्हणून तळमळत होते. मी काय सांगणार? मला इंजिनातलं काय कळतं? मी नुसतं म्हणत होते, झोपा, झोपा. आणि तुम्ही बाहेर व्हरांड्यात बसला होता."

"त्यांना फार वाईट वाटलं असतं, बाळ," अण्णा म्हणाला.

"वाटू द्यायचं होतं," भुवना म्हणाली. "माझ्या नवऱ्याला वाईट वाटू द्यायचं होतं, अप्पा."